मीराबेन

मीराबेन (मूळ नाव: मॅडेलीन स्लेड, २२ नोव्हेंबर १८९२ – २० जुलै १९८२) या महात्मा गांधींच्या इंग्रज शिष्या, खादी व ग्रामसेवेच्या कार्यकर्त्या आणि भारतीय स्वातंत्र्यलढ्यातील सत्याग्रही होत्या. ब्रिटिश नौदलातील एका उच्चाधिकाऱ्याच्या घरात जन्मलेल्या मीराबेन १९२५ मध्ये भारतात आल्या आणि १९५९ पर्यंत येथेच राहिल्या. वर्धा जिल्ह्यातील सेगाव, म्हणजे आजचे सेवाग्राम, येथे गांधीजींच्या आधी त्या राहावयास गेल्या. तेथील आश्रमाच्या पहिल्या वास्तूंच्या उभारणीत त्यांचा प्रमुख वाटा होता. आज बापूकुटी या नावाने ओळखली जाणारी झोपडी मुळात मीराबेन यांच्यासाठी बांधलेली होती. तिच्या मातीच्या भिंतींवर त्यांनी मातीनेच घडवलेली उठावचित्रे ही सेवाग्राम आश्रमाची एक ओळख ठरली आहे. भारत सरकारने १९८१ मध्ये त्यांना पद्मविभूषण हा किताब दिला.

बालपण आणि तारुण्य

मॅडेलीन स्लेड यांचा जन्म इंग्लंडमध्ये झाला. त्यांचे वडील सर एडमंड स्लेड ब्रिटिश नौदलात होते व पुढे अ‍ॅडमिरलच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले. वडील दीर्घकाळ समुद्रावर असत. त्यामुळे मॅडेलीन यांच्या बालपणाचा मोठा भाग आजोळच्या ग्रामीण घरात, बागा, झाडे, घोडे आणि गाईगुरे यांच्या सहवासात गेला. प्राणी व वनस्पती यांविषयीची तेव्हाची ओढ त्यांच्यात शेवटपर्यंत राहिली. वडिलांची नेमणूक ईस्ट इंडीज नौदल विभागाच्या प्रमुखपदी झाल्यावर मॅडेलीन काही काळ मुंबईत राहिल्या. परंतु त्या वेळी त्यांचे जग लष्करी व सरकारी अधिकाऱ्यांच्या मेजवान्यांपुरतेच मर्यादित होते. ज्या देशात पुढे त्यांनी आयुष्याची तेहतीस वर्षे काढली, त्याची खरी ओळख त्या मुक्कामात झाली नाही.

तरुणपणी जर्मन संगीतकार बेथोवन यांच्या संगीताने त्यांना झपाटून टाकले. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये जर्मन संगीताविषयी कटुता असताना त्यांनी पियानोवादक फ्रेडरिक लॅमंड यांच्या बेथोवन-वादनाच्या मैफली घडवून आणल्या. बेथोवनच्या शोधातूनच त्या फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ यांच्या साहित्याकडे वळल्या. त्यांचे लेखन मुळातून वाचता यावे म्हणून त्या फ्रेंच भाषा शिकल्या आणि स्वित्झर्लंडमधील व्हिलनव्ह येथे त्यांना जाऊन भेटल्या. रोलाँ यांनी त्या वेळी गांधीजींवर लिहिलेले छोटे चरित्र १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ते वाचताच आपल्या जीवनाची दिशा ठरली, अशी मॅडेलीन यांची खात्री पटली.

गांधीजींकडे

पुस्तक वाचून होताच त्यांनी भारतात जाण्यासाठी बोटीचे तिकीट काढले, परंतु लगेच विचार बदलला. आश्रमीय जीवनाची शारीरिक व मानसिक तयारी झाल्याखेरीज जाणे योग्य नाही, असे त्यांना वाटले. पुढील वर्षभर त्यांनी स्वतःला शिकवले. मद्य व मांसाहार सोडला, जमिनीवर बसण्या-झोपण्याची सवय केली, सूत कातणे व विणणे शिकून घेतले, उर्दूचा अभ्यास सुरू केला. गांधीजींना पत्र पाठवून आपला मनोदय कळवला व सोबत २० पौंडांची देणगी पाठवली. आश्रमातील जीवन कष्टाचे आहे याची स्पष्ट जाणीव देऊन गांधीजींनी त्यांना येण्याची मुभा दिली.

७ नोव्हेंबर १९२५ रोजी मॅडेलीन अहमदाबाद येथे उतरल्या. स्थानकावर महादेवभाई देसाई, वल्लभभाई पटेल आणि स्वामी आनंद त्यांना घेण्यासाठी आले होते. साबरमती आश्रमात गांधीजींनी त्यांचा कन्या म्हणून स्वीकार केला आणि संत मीराबाईंच्या नावावरून त्यांना मीरा हे नाव दिले. पुढे त्यांनी ब्रह्मचर्याचे व्रत घेतले, केस उतरवले आणि खादीची पांढरी साडी हा कायमचा वेष केला. पियानो व मैफली यांचा त्याग त्यांनी त्याच वेळी केला. युरोपातील संगीत पुढील कित्येक वर्षे त्यांच्या दिनक्रमात नव्हते.

गांधीजी आणि मीराबेन यांच्या नात्यात एक पेच आरंभापासून होता. मीराबेन यांना गांधीजींच्या सान्निध्यात राहून त्यांची सेवा करावयाची होती. गांधीजींचे मत असे की व्यक्तीची सेवा हे ध्येय असू नये. कार्य स्वीकारावे आणि त्यासाठी दूरही राहावे. त्यामुळे ते त्यांना वारंवार इतर आश्रमांत व खेड्यांत पाठवत. वियोगाने मीराबेन खचत, आजारी पडत आणि पुन्हा परत येत. दोघांच्या पत्रव्यवहारात या ताणाच्या खुणा जागोजागी दिसतात. वर्धा जिल्ह्यातील त्यांचे वास्तव्य समजून घेताना ही पार्श्वभूमी लक्षात घ्यावी लागते.

प्रवास आणि तुरुंगवास

१९३१ मध्ये दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी गांधीजी लंडनला गेले तेव्हा मीराबेन त्यांच्यासोबत होत्या. मुक्काम पूर्व लंडनमधील कामगार वस्तीत, किंग्जली हॉल या संस्थेत होता. परतीच्या वाटेवर डिसेंबर महिन्यात गांधीजी व्हिलनव्ह येथे रोलाँ यांच्याकडे काही दिवस राहिले. तेथे रोलाँ यांनी गांधीजींच्या इच्छेवरून त्यांना बेथोवनच्या पाचव्या सिंफनीतील एक भाग पियानोवर वाजवून दाखवला.

१९३२-३३ च्या सविनय कायदेभंगाच्या पर्वात मीराबेन यांना दोनदा तुरुंगवास घडला. दडपशाहीची माहिती परदेशांत पोहोचवण्याचे काम त्यांनी चालवले होते. १९३४ मध्ये त्यांनी इंग्लंड व अमेरिकेचा दौरा करून व्याख्यानांतून भारताची बाजू मांडली आणि विन्स्टन चर्चिल, डेव्हिड लॉईड जॉर्ज यांच्यासह अनेक राजकीय नेत्यांच्या भेटी घेतल्या.

मगनवाडी आणि सिंदी

साबरमती आश्रम विसर्जित केल्यानंतर गांधीजींचे कार्य जमनालाल बजाज यांच्या आग्रहाने वर्ध्याकडे वळले. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. त्यासाठी बजाज यांनी वर्धा शहरातील आपली बाग व घर दिले. मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ त्या जागेला मगनवाडी हे नाव मिळाले. संघाचे काम जे. सी. कुमारप्पा पाहत. तेलघाणी, हातकागद, मधमाशीपालन, हातसडीचा तांदूळ अशा उद्योगांचे प्रयोग तेथे सुरू झाले.

मीराबेन मगनवाडीत आल्या आणि लवकरच शेजारच्या सिंदी गावात सफाईचे काम करू लागल्या. हे गाव आज वर्धा शहराला लागून असलेले सिंदी (मेघे) होय. सेलू तालुक्यातील सिंदी (रेल्वे) या गावाशी त्याची गल्लत करू नये. मीराबेन, महादेवभाई देसाई आणि मगनवाडीतील अन्य कार्यकर्ते सकाळी बादल्या व फावडी घेऊन गावात जात आणि रस्त्याच्या कडेची घाण उचलत. ग्रामस्थांचा प्रतिसाद थंड होता. सफाई ही बाहेरून आलेल्यांनी करावयाची गोष्ट आहे, अशी समजूत हटता हटत नव्हती. खेड्यात रोज जाऊन परतण्याऐवजी खेड्यातच राहिले पाहिजे, हा विचार या अनुभवातून बळावला.

सेगाव

वर्ध्यापासून सुमारे ८ किलोमीटरवरील सेगाव हे शेतमजुरांचे, बहुसंख्य दलित वस्तीचे छोटे खेडे होते. गावाची मालगुजारी जमनालाल बजाज यांच्याकडे होती. गावाला जाणारा धड रस्ता नव्हता. पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलातून वाट काढावी लागे. साप, विंचू आणि मलेरिया यांचा उपद्रव मोठा होता. अशा गावात मीराबेन एकट्या राहावयास गेल्या. स्वतः गांधीजींनी खेड्यात वस्तीला जाण्याचा निश्चय जाहीर केला तेव्हा सेगावचीच निवड झाली आणि ३० एप्रिल १९३६ रोजी ते तेथे पोहोचले.

गांधीजींनी घर बांधण्याबाबत अटी घातल्या होत्या. खर्च अगदी बेताचा असावा, साहित्य आसपास मिळणारे असावे आणि काम शक्यतो गावच्याच मजुरांनी करावे. मीराबेन व आश्रमीय बलवंतसिंह यांच्या देखरेखीखाली आदिनिवास ही पहिली वास्तू उभी राहिली. सुरुवातीला गांधीजी, कस्तुरबा, अन्य आश्रमीय आणि पाहुणे असे सर्व त्या एकाच घरात राहत.

गांधीजी सेगावात राहू लागताच जुना पेच पुन्हा पुढे आला. मीराबेन यांनी स्वतंत्र खेडे निवडावे असे ठरले आणि त्या जवळच्या वरोडा या खेड्यात झोपडी बांधून राहिल्या. प्रकृतीने साथ दिली नाही. मलेरियाने त्या वर्षी आश्रमाला वारंवार ग्रासले. गांधीजी व मीराबेन दोघेही आजारी पडले. त्यानंतर मीराबेन सेगावात परतल्या आणि आदिनिवासाच्या जवळ त्यांच्यासाठी एक लहान कुटी बांधण्यात आली. गावातील मुलामाणसांना पिंजण व सूतकताई शिकवण्याची सोय तेथे होती.

सेगाव या नावामुळे टपालाची मोठी अडचण होई. बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव हे रेल्वेचे प्रसिद्ध स्थानक असल्याने पत्रे व तारा तिकडे जात. म्हणून १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम असे करण्यात आले.

कुटीची बांधणी

मीराबेन यांची कुटी विदर्भातील शेतकऱ्याच्या घराच्या पद्धतीने बांधली गेली. लाकडी खांब व बांबू यांचा सांगाडा, मातीच्या भिंती, वर कवेलूंचे उतरते छप्पर, पुढे पडवी आणि शेणाने सारवलेली जमीन अशी तिची रचना आहे. उन्हाळ्यात वर्ध्याचे तापमान ४५ अंश सेल्सियसपर्यंत चढते. जाड मातीची भिंत हळूहळू तापते आणि हळूहळू निवते, त्यामुळे भर दुपारीही आतील भाग बाहेरच्यापेक्षा पुष्कळ थंड राहतो. खाली उतरत आलेले छप्पर भिंतींना ऊन व पाऊस या दोहोंपासून आडोसा देते.

भिंतीची माती तयार करण्याची रीत गावच्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. माती चाळून भिजवतात, तिच्यात कुटार व शेण मिसळतात, पायांनी तुडवतात आणि मुरू देतात. कुटारामुळे माती वाळताना भेगा कमी पडतात. शेणामुळे ती चिकट व राठ होते. भिंत उभी राहिल्यावर मातीच्या बारीक लेपाने छपाई करतात आणि नंतर ठरावीक काळाने सारवण चालू ठेवतात.

भिंतींवरील उठावचित्रे

मीराबेन यांनी या कुटीच्या भिंतींवर ओल्या मातीने उठावचित्रे घडवली. ताड-शिंदीच्या जातीची उंच झाडे, चरखा आणि ॐ हे अक्षर हे त्यांतील ठळक विषय आहेत. चित्रे भिंतीच्या पृष्ठभागापासून थोडीशी वर उचललेली असून भिंतीच्याच रंगाची आहेत. त्यांना वेगळा रंग, चौकट किंवा काच नाही. दिवसाच्या बदलत्या उजेडात उठावाची सावली लहानमोठी होते आणि चित्र कधी ठळक, तर कधी पुसट दिसते.

चित्रांचे विषय परिसरातूनच आलेले होते. सेगावच्या शिवारात शिंदीची झाडे विपुल होती. त्यांच्या रसापासून ताडी होई आणि ती गावाच्या दारिद्र्याचे एक कारण ठरे. ग्रामोद्योग संघाने त्याच रसापासून, म्हणजे नीरेपासून, गूळ करण्याचा प्रयोग हाती घेतला. गजानन नाईक यांनी हे काम सेगावात चालवले. चरखा हे कुटीतील प्रत्यक्ष रोजचे काम होते. त्यामुळे भिंतीवरील झाड आणि चरखा यांची खूण कुटीत शिकावयास येणाऱ्या कोणालाही विचारून घ्यावी लागत नसे.

मातीच्या घरात भिंतीवर चित्र लावणे हा तसा अवघड प्रश्न आहे. मातीच्या भिंतीत खिळा ठोकला तर भोवतीची माती ढासळते, भोक मोठे होत जाते आणि थोड्याच दिवसांत खिळा हलू लागतो. लाकडी खुंटीला वाळवी लागते. म्हणून ग्रामीण घरांत खुंट्या, फळ्या व कोनाडे यांची जागा भिंत रचतानाच ठरवून घेतात. आज शहरांतील भाड्याच्या घरांत भिंतीला छिद्र न पाडता दुहेरी चिकटपट्टीने चित्रे लावण्याची पद्धत रूढ झाली आहे. तिला गुळगुळीत, कोरडी व घट्ट रंग दिलेली भिंत लागते. मातीच्या किंवा चुना दिलेल्या भिंतीवर पट्टीसोबत वरचा थरच सुटून येतो. मीराबेन यांनी निवडलेल्या रीतीत चित्र आणि भिंत यांचे द्रव्य एकच असल्याने टांगण्याचा प्रश्नच उरला नाही. ओलसर केलेल्या भिंतीवर ओल्या मातीचा लेप चढतो, दोन्ही एकदम वाळतात आणि एकजीव होतात. बिऱ्हाड हलवताना असे चित्र सोबत नेता येत नाही, ही या रीतीची मर्यादा होय.

ही कल्पना मीराबेन यांनी बाहेरून आणलेली नव्हती. सणासुदीला किंवा लग्नकार्यात भिंती सारवून त्यांवर चित्रे काढण्याची परंपरा महाराष्ट्रात सर्वत्र आहे. मातीचे उठावकाम भारताच्या इतर भागांतही आढळते. कच्छमधील मातकाम हे त्याचे परिचित उदाहरण आहे. ज्या हातांनी घर सारवायचे त्याच हातांनी ते सजवायचे, हे त्या परंपरेचे सूत्र मीराबेन यांनी आपलेसे केले.

गांधीजींची कलाविषयक भूमिका

गांधीजींना भिंतीवरील चित्रांचे फारसे आकर्षण नव्हते. १९२४ मध्ये शांतिनिकेतनातील एक विद्यार्थी जी. रामचंद्रन यांच्याशी झालेल्या संवादात त्यांनी आपली भूमिका विस्ताराने मांडली होती. खोलीच्या भिंती कोऱ्या असल्या तरी चालतील, किंबहुना छप्परही नसले तरी चालेल, कारण वर ताऱ्यांनी भरलेले आकाश आहे, असा तिचा आशय होता. कलाकृतींचे मूल्य त्यांनी नाकारले नव्हते. मात्र निसर्गातील सौंदर्यापुढे त्या त्यांना अपुऱ्या वाटत आणि लाखो लोकांना न परवडणारी सजावट त्यांना खटके.

या भूमिकेपुढे मीराबेन यांची उठावचित्रे टिकली, याचे कारण त्यांच्या स्वरूपात सापडते. त्यांना पैसा लागला नाही, बाजारातून काही आणावे लागले नाही आणि गावातील गरिबातील गरीब कुटुंबालाही तसे करता येण्याजोगे होते. त्याच सुमारास काँग्रेस अधिवेशनांच्या सजावटीतही हा विचार दिसू लागला होता. डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूर येथे खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबू व अन्य स्थानिक साहित्याने सजवले. १९३८ मधील हरिपुरा अधिवेशनासाठी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रामजीवनावरील चित्रफलक तयार केले. गांधीजींनी बोस यांच्या या कामाचे मनापासून कौतुक केले होते.

कुटीचे हस्तांतर

आदिनिवासातील गर्दी वाढत गेली आणि गांधीजींना रक्तदाबाचा त्रास सुरू झाला. त्यांना शांत जागेची गरज भासू लागली, तेव्हा मीराबेन यांनी आपली कुटी त्यांच्यासाठी रिकामी करून दिली. नंतर गरजेप्रमाणे तिच्यात स्नानगृह, रुग्णांसाठी जागा आणि सचिवांसाठी खोली अशी भर पडत गेली. सेगाव, वरोडा आणि पुन्हा सेगाव असा काही वर्षांतच मीराबेन यांचा घरे उभारण्याचा आणि सोडण्याचा क्रम झाला होता. शेवटचे घर ज्यांच्यासाठी सोडले, त्यांच्याजवळ राहण्यासाठीच त्या मूळ भारतात आल्या होत्या. भिंतीवरील झाडे व चरखा मात्र तेथेच राहिले आणि त्यांच्या छायेत गांधीजींची बैठक मांडली गेली.

येथूनच गांधीजी देशभरचा पत्रव्यवहार करीत आणि येथेच नेते, परदेशी पत्रकार व सरकारी दूत त्यांना भेटत. जून १९४२ मध्ये अमेरिकन पत्रकार लुई फिशर आठवडाभर सेवाग्रामला राहिले. गांधीजींच्या बैठकीजवळच्या भिंतीवर येशू ख्रिस्ताचे एक काळे-पांढरे चित्र लावलेले त्यांना दिसले आणि त्याची नोंद त्यांनी आपल्या लेखनात केली. ख्रिस्त हाच आपली शांती आहे, अशा अर्थाची ओळ त्या चित्रावर होती. टांगलेले असे ते एकच चित्र आणि बाकीची भिंत मीराबेन यांच्या मातकामाची, असे त्या खोलीचे स्वरूप होते.

१९४२ आणि आगाखान महाल

एप्रिल १९४२ मध्ये अलाहाबाद येथे भरलेल्या काँग्रेसच्या बैठकीसाठी गांधीजींनी तयार केलेला ठरावाचा मसुदा मीराबेन घेऊन गेल्या. त्यानंतर जपानी आक्रमणाची भीती असलेल्या ओडिशाच्या किनारपट्टीवर अहिंसक प्रतिकाराची तयारी करण्यासाठी त्यांना पाठवण्यात आले. जुलैमध्ये त्या गांधीजींच्या वतीने व्हाइसरॉयना भेटण्यास दिल्लीला गेल्या. व्हाइसरॉयनी भेट नाकारली आणि त्यांच्या खासगी सचिवाशी बोलणे झाले.

९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत गांधीजींबरोबर मीराबेन यांनाही अटक झाली आणि पुण्याच्या आगाखान महालात ठेवण्यात आले. त्याच स्थानबद्धतेत १५ ऑगस्ट १९४२ रोजी महादेवभाई देसाई आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा यांचे निधन झाले. काँग्रेसच्या नेत्यांना जपानविषयी सहानुभूती आहे, हा सरकारचा आरोप खोडून काढण्यासाठी मीराबेन यांनी ओडिशातील आपल्या कामाचा पुरावा देणारे पत्र व्हाइसरॉयना तेथून लिहिले. ६ मे १९४४ रोजी सर्वांची सुटका झाली.

हिमालयाच्या पायथ्याशी

सुटकेनंतर मीराबेन यांनी सेवाग्रामला परतून राहण्याऐवजी स्वतंत्र काम हाती घेतले. रुडकीजवळ मूलदासपूर येथे त्यांनी किसान आश्रम काढला आणि नंतर हृषीकेशजवळ पशुलोक ही गोसंवर्धनाची संस्था उभारली. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींच्या हत्येची वार्ता आली तेव्हा त्या तेथे होत्या. अंत्ययात्रेसाठी त्या दिल्लीला गेल्या नाहीत.

पुढे टिहरी गढवालमधील भिलंगणा खोऱ्यात त्यांनी गोपाल आश्रम स्थापन केला. डोंगरउतारांवरील बांज वृक्षांची जंगले आटत असून त्यांच्या जागी चीड पसरत आहे, असे त्यांच्या लक्षात आले. बांजाखालील पालापाचोळा पावसाचे पाणी जिरवून धरतो. चिडाच्या खाली तसा थर तयार होत नाही. त्यामुळे झरे आटतात आणि खालच्या मैदानांत पूर वाढतात, हे त्यांनी १९५२ च्या सुमारास लेख लिहून सरकारच्या निदर्शनास आणले. त्यांच्या या इशाऱ्याची दखल पुढे उत्तराखंडातील पर्यावरण-चळवळीने घेतली.

अखेरची वर्षे

स्वतंत्र भारतातील सरकारी यंत्रणेच्या चाकोरीत आपले प्रयोग पुढे जात नाहीत, या जाणिवेने मीराबेन निराश झाल्या होत्या. त्याच काळात रोलाँ यांचे बेथोवनवरील पुस्तक वाचताना त्यांची तरुणपणची ओढ पुन्हा जागी झाली. जानेवारी १९५९ मध्ये त्यांनी भारत सोडला. काही काळ इंग्लंडमध्ये राहून त्या ऑस्ट्रियात गेल्या आणि ज्या परिसरात बेथोवन वावरला त्या व्हिएन्नाच्या आसपासच्या खेड्यांत त्यांनी उर्वरित आयुष्य घालवले. खादीची सवय आणि साधी राहणी त्यांनी तेथेही सोडली नाही. २० जुलै १९८२ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस प्रदर्शित झालेल्या रिचर्ड अ‍ॅटनबरो यांच्या 'गांधी' या चित्रपटात जेराल्डिन जेम्स यांनी त्यांची भूमिका केली.

लेखन

गांधीजींनी मीराबेन यांना लिहिलेल्या पत्रांचा संग्रह १९४९ मध्ये नवजीवन प्रकाशनाने प्रसिद्ध केला. 'द स्पिरिट्स पिल्ग्रिमेज' हे त्यांचे आत्मचरित्र १९६० मध्ये प्रकाशित झाले. सेगावातील दिवसांचे, तेथील माणसे, जनावरे व ऋतू यांसह केलेले वर्णन त्यात आहे. गांधीजींविषयीच्या छोट्या आठवणींचे त्यांचे लेखनही उपलब्ध आहे.

वास्तूचे जतन आणि वारसा

२५ ऑगस्ट १९४६ रोजी गांधीजी सेवाग्रामहून निघाले, ते पुन्हा परतले नाहीत. तेव्हापासून बापूकुटी स्मारक म्हणून जपली जात आहे. तिचे जतन दगडी स्मारकांच्या जतनापेक्षा वेगळ्या प्रकारचे आहे. मातीची भिंत पाण्याने झिजते, सारवण निघते, बांबू व कवेलू बदलावे लागतात. त्यामुळे कुटीला नियमित डागडुजी लागते आणि ती करण्यासाठी माती कालवण्याची, छपाईची व सारवणाची जुनी रीत जाणणारे हात लागतात. उठावचित्रे भिंतीचाच भाग असल्याने भिंतीची निगा राखताना त्यांचीही निगा राखावी लागते. ही रीत विसरली गेली तर कुटी मूळ स्वरूपात टिकवणे कठीण होईल.

सेवाग्राममध्ये कलेचा धागा पुढेही चालू राहिला. १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीमची योजना पुढे आली. सेवाग्राम येथील तिच्या शाळेत शांतिनिकेतनात शिकलेले चित्रकार व कुंभारकलावंत देवी प्रसाद १९४४ पासून कलाशिक्षक होते. हाताने काम करणाऱ्या मुलांच्या शिक्षणात चित्रकला व मातीकाम यांना त्यांनी महत्त्वाचे स्थान दिले.

स्थानिक साहित्याने बांधलेल्या अल्पखर्ची घरांचा विचार करणाऱ्या वास्तुकारांनाही सेवाग्रामच्या वास्तूंनी आकर्षित केले आहे. घराचे साहित्य परिसरातच मिळणारे असावे, ही गांधीजींची कल्पना वास्तुकार लॉरी बेकर यांनी आपल्या कामाचा आधार मानली. १९७८ मध्ये विचारवंत इव्हान इलिच यांनी सेवाग्राम येथील भाषणात बापूकुटीवर चिंतन मांडले. वस्तूंनी भरलेले घर माणसाचे जगणे अडवते आणि ही झोपडी साधेपणातून माणसाला प्रतिष्ठा देते, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. कुटीला गांधीजींचे नाव मिळाल्याने तिच्या मूळ रहिवाशाचे नाव मागे पडले आहे. भिंतीवरील चित्रांपाशी मात्र मीराबेन यांचा उल्लेख आजही होतो.